दारातल्या बाईसमोरचा दोर

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, दोर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर विहीर येईल, गुरे येतील, नाहीतर गच्चीवर वाळत घातलेले कपडे येतील. मी तसला नव्हे. माझ्यावर आजवर कुणी ओला टॉवेलसुद्धा टाकलेला नाही. मी एका चित्रदालनात, दोन पितळी खांबांच्या मध्ये, एका मोठ्या चित्रासमोर लटकत असतो. अंगात सुताचा पीळ, वरून गडद लाल मखमल आणि दोन्ही टोकांना पितळी आकडे, असे माझे रूप. काम म्हणाल तर लोकांना चित्रापासून दूर ठेवायचे. म्हणजे खरे सांगायचे तर समोर येईल त्याच्यावर संशय घ्यायचा.

आता अशा संशयी जिवाने तुम्हा मुलांना आपली कहाणी सांगावी का, याबद्दल मला स्वतःचाच संशय आहे. माझ्या आयुष्यात ना लढाई, ना प्रवास. मी हललो तो फार तर हातभर पुढे आणि हातभर मागे. पण त्या हातभर अंतरातच काहीतरी सांगण्यासारखे घडले, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. जमेल तसे सांगतो.

पडदे आणि गाद्या शिवणाऱ्या एका बाईच्या दुकानात माझा जन्म झाला. तिने सुताच्या लडी भिंतीतल्या खिळ्याला अडकवल्या आणि मागे मागे चालत मला पीळ दिला. तिची सासू खाटेवर बसून सूचना करीत होती.

“फार पिळू नकोस गं,” सासू म्हणाली.

“अहो, मोठ्या लोकांकडे जायचंय त्याला. जरा ताठा नको का?”

“मोठ्या लोकांकडे ताठा आहे तेवढा पुरे आहे. हा आपला मऊच बरा.”

सुनेने ऐकले नाही. माझा पीळ घट्टच राहिला. मखमल चढवून झाल्यावर मात्र दोघींनी मला हातात घेऊन उजेडात पाहिले, आणि सासूबाई म्हणाल्या की लेकीच्या लग्नातसुद्धा एवढी मखमल घेतली नव्हती. जन्मभरात माझे झालेले हे सगळ्यात मोठे कौतुक.

दालनात मला ज्या चित्रासमोर उभे केले, त्यात एक बाई आहे. ती आपल्या घराच्या दारात उभी आहे. दार अर्धे उघडे, तिचा एक हात कडीवर, मागे घरात पिवळा उजेड. चेहऱ्यावर हसू आहे की नाही हे सांगणे कठीण. चित्राखालच्या पाटीवर लिहिले आहे, ‘स्वागत’. हे नाव चित्रकाराने दिले की दालनाने, मला ठाऊक नाही. चित्र फार मोलाचे, असे सगळे म्हणत. त्यामुळे त्याच्यासमोर मी आणि माझ्याशेजारी खुर्ची टाकून एक पहारेकरी, अशी आमची जोडी बसवली गेली.

पहारेकरी तेव्हा तरुण आणि किडकिडीत होता. आता त्याला चष्मा आहे, पोट आहे आणि सगळे त्याला काका म्हणतात. संशय कसा घ्यावा हे मला काकांनी शिकवले. कुणाचा हात खिशात असला, की काकांना वाटे, खिशात काय असेल? हात बाहेर असला, की वाटे, आता हा कुठे जाणार? एकटा आलेला माणूस बघायला कुणी नाही म्हणून धोक्याचा, आणि घोळका आला की कुणावर नजर ठेवायची ते कळत नाही म्हणून धोक्याचा. भिंतीसारखा निर्धोक पाहुणा काकांना कधी भेटलाच नाही.

तरी एकदा घात झालाच. एक बडे गृहस्थ पाहुण्यांना चित्र समजावून सांगत होते. समजावण्याच्या भरात त्यांच्या हातातले पेन माझ्यावरून पुढे गेले आणि चित्रातल्या दाराच्या चौकटीवर एक बारीक ओरखडा उठला. गृहस्थ बोलत बोलत पुढच्या चित्राकडे गेले. बोलणी काकांनी खाल्ली. त्यानंतर काकांचा संशय दुप्पट झाला, पण गंमत अशी की तो पेनवाल्यांच्या वाट्याला आला नाही. पेन खिशाला लावून येणाऱ्यांना काका उलट उठून खुर्ची देत. संशय आला तो झिजलेल्या चपलांच्या वाट्याला.

मग दालनाचे छत गळू लागले. आमची खोली बंद झाली, चित्र कापडात गुंडाळून आत नेले, आणि मला कुणीतरी वेटोळे करून बादल्यांच्या मागे टाकून दिले. किती काळ गेला ते कळले नाही. माझ्या मखमलीला कसर लागली, एक आकडा हिरवा पडला. बादली काढायला माणूस येई, मला पायाने बाजूला सारी आणि निघून जाई. दोराचे वाईट दिवस असे असतात. त्याला कुणी तोडतसुद्धा नाही.

एके दिवशी काकांनीच मला बाहेर काढले, चिंच लावून आकडे घासले. खोलीला नवा रंग लागला होता, नवे दिवे लागले होते आणि दरवाजावर मोठा फलक झळकत होता, ‘कला सर्वांसाठी’. दालनाचे प्रमुख साहेब ठरवून बसले होते, की बस आगाराच्या मागे जी वस्ती आहे तिथल्या गरीब घरच्या मुलामुलींना दर शनिवारी बोलवायचे, चित्रे दाखवायची, चित्रांवर बोलायला शिकवायचे. त्यासाठी एक शिक्षिका नेमल्या होत्या. त्यांना मुले ताई म्हणत. ताईंचा उत्साह खरा होता, हे मी संशयी असूनही मान्य करतो.

साहेबांचा उत्साहही खोटा नसावा. पण पहिल्या शनिवारच्या सकाळी ते माझ्याजवळ आले, खिडकीतून बाहेर पाहिले आणि हळूच म्हणाले, “काका, आज जरा खांब मागे घ्या. ही मुलं... म्हणजे, सवय नसते त्यांना.”

काकांनी दोन्ही खांब एक-एक करून चांगले हातभर मागे आणले. माझी जागा बदलली. मित्रांनो, इतर लोक चित्रापासून जेवढे दूर उभे राहत, त्याच्या दुप्पट दूर ही मुले उभी राहणार होती. मला त्यात काही वावगे वाटले नाही. दूर ठेवणे हेच तर माझे काम.

मुले आली. पंधरा-सोळा वर्षांची, केस पाण्याने चापून बसवलेली. सगळ्यांच्या पिशव्या दारातच ठेवून घेतल्या होत्या. आम्ही त्यांच्याकडे संशयाने पाहत होतो आणि ती आमच्याकडे. त्यात एक उंच, सडपातळ मुलगी होती. तिला बाकीचे वकील म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारी. आत आल्या आल्या तिने ताईंना विचारले, की आमच्याच पिशव्या का ठेवून घेतल्या, त्या चित्रे बघायला आलेल्या बाईंच्या खांद्याला तर पर्स आहे. ताई म्हणाल्या की नियम आहे. वकील म्हणाली, “बरं.” पण ते ‘बरं’ असे होते, की काका खुर्चीत सरसावून बसले.

ताईंनी त्या दिवशी मुलांना सांगितले, की वर्ग संपताना प्रत्येकाने एका चित्रासमोर उभे राहून पाहुण्यांशी बोलायचे. जे चांगले बोलतील त्यांच्यातल्या दोघांना दालनात रविवारचे काम मिळेल, लोकांना चित्रे दाखवण्याचे. हे ऐकून मुले कुजबुजली. वकील कुजबुजली नाही, पण मधल्या सुट्टीत मैत्रिणीला माझ्याजवळ उभी राहून जे सांगत होती ते मी ऐकले. ती आत्याकडे राहत होती. आत्याचा कपड्यांना इस्त्री करून देण्याचा धंदा होता. आत्याने बजावले होते, की रविवारचे काम मिळाले तर पुढे शीक, माझी ना नाही. नाही मिळाले तर उद्यापासून इस्त्री हातात घे.

“आत्या म्हणते, आधी फुकट दाखवतील, मग फोटो काढतील, आणि मग सगळीकडे सांगतील की आम्हीच हिला वर काढलं,” वकील म्हणाली.

“मग तू कशाला येतेस?”

“मला शिकायचंय. आणि ती बाई बघायचीय नीट. इथनं धड दिसत पण नाही.”

तिने बोलायला आमचेच चित्र निवडले. दर शनिवारी काका खांब मागे घेत आणि मुले गेली की परत जागेवर ठेवत. दर वेळी ती माझ्यासमोर उभी राही, मान लांब करी, डोळे बारीक करी. काका तिच्या मानेवर नजर ठेवत. एका शनिवारी तिच्या हातातला खोडरबर पडला आणि घरंगळत माझ्याखालून पलीकडे गेला. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. खांब वर्षानुवर्षे जिथे उभे होते तिथे लाकडी फरशीवर दोन गोल वण पडले होते. ते आता उघडेच होते.

“काका, हे गोल कसले?”

“कसले असणार? डाग आहेत लाकडाचे.”

“बरोब्बर खांबाच्या बुडाएवढे?”

काका म्हणाले की फरशीला पॉलिश केलेय, ओले आहे, म्हणून खांब जरा मागे घेतलेत. वकिलीणबाईंनी फरशीवर बोट फिरवले आणि बोटाचा वास घेतला.

“दर शनिवारी ओलं असतं का?”

“तू चित्र बघायला आलीस ना? मग चित्र बघ की.”

“तेच करायचं होतं,” ती म्हणाली, आणि खोडरबर खिशात टाकून मागे झाली.

तिने ताईंना काही सांगितले नाही, याचा काकांना जास्त घोर लागला. ओरडणाऱ्या माणसाचे काय करायचे ते पहाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक असते. गप्प राहणाऱ्याचे काय करायचे?

बुधवारी दुपारी ती आली. शनिवारच्या मुलांबरोबर नव्हे, तर चारचौघांसारखी, आत्याला घेऊन. आत्याच्या साडीची घडी अशी कडक होती, की काका अदबीने उठलेच. मग त्यांनी मागे वकिलाचा चेहरा पाहिला आणि त्यांचा हात आपसूक खांबाकडे गेला. पण खोलीत इतर माणसे होती. सगळ्यांदेखत खांब मागे कसा न्यायचा? हात तसाच अर्ध्यावर राहिला, मग त्यांनी त्या हाताने कान खाजवला.

वकिलाने आधी खाली पाहिले. खांब आपापल्या वणांवर चपखल उभे होते. मग ती माझ्याजवळ आली, अगदी मखमलीला पोट टेकेल इतकी जवळ, आणि चित्राकडे पाहू लागली. मग म्हणाली, “आत्या, तिचा पाय बघ.”

चित्रात खालच्या बाजूला, दाराच्या फळीमागे, अंधारात बाईचे अनवाणी पाऊल रंगवलेले आहे. बोटे वाकवून तिने ते दाराला आतून टेकवले आहे. मित्रांनो, तो पाय मला रोज दिसत होता. मला कुणी विचारले नाही आणि मीही त्याचा कधी विचार केला नाही.

“दार अडवून धरलंय तिनं,” आत्या म्हणाली. “कोण आलंय ते बघतेय आधी. शहाणी आहे.” मग ती काकांकडे वळली. “भाऊ, आज जवळून बघितलेलं चालतं वाटतं?”

“चालतं की. सगळ्यांनाच चालतं.”

“शनिवारी नाही चालत म्हणे.”

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

आत्या भाचीला तिथेच म्हणाली, की असल्या ठिकाणी पुन्हा पाऊल टाकायचे नाही. भाची म्हणाली, मला ते काम पाहिजे. आत्याने तिच्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “मग शनिवारी तोंड मिटून राहा. या खांबांचं नाव काढलंस ना, तर काम गेलं समज. आणि घरी इस्त्री तापलेलीच आहे.”

त्यानंतरचा शनिवार शेवटचा होता. साहेबांनी पाहुणे बोलावले होते, मुलांच्या घरच्यांनाही बोलावले होते, फुले मागवली होती. काकांनी सकाळी खांब मागे घेतले खरे, पण एक खांब हलवून झाल्यावर ते दुसऱ्याला धरून नुसतेच उभे राहिले. नोकरीची शेवटची वर्षे होती. ती मुलगी आज सगळे बाहेर काढणार आणि साहेब आपल्याला पुढे करणार, असा त्यांना संशय होता. मलाही तोच होता. शेवटी त्यांनी दुसरा खांबही मागे आणला.

बाकीची मुले बोलली. कुणी अडखळले, कुणी पाठ केलेले धडाधडा म्हणून दाखवले, टाळ्या पडल्या. मग पाहुणे माझ्यासमोर आले आणि वकील पुढे झाली. तिने आधी पाहुण्यांनाच विचारले, की ही बाई काय करतेय असे वाटते?

“स्वागत करतेय, दुसरं काय,” एक पाहुण्या म्हणाल्या. “किती प्रेमळ चेहरा आहे.”

“मलाही इथनं तसंच वाटायचं,” वकील म्हणाली. तिने दाराशी उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिले. आत्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग ती वळली. “काका, खांब त्यांच्या जागेवर घेता का?”

काकांनी साहेबांकडे पाहिले. साहेब छतातल्या दिव्यांकडे पाहत होते. मला वाटते, त्या वेळी काकांना नाही म्हणता आले असते. पॉलिश ओले आहे असे पुन्हा सांगता आले असते. पण ते उठले, त्यांनी खांब उचलला आणि वणावर नेऊन ठेवला. मग दुसरा. मी पुढे आलो.

“आता या,” वकील म्हणाली. “आणि तिचा पाय शोधा.”

पाहुणे पुढे सरकले. ‘प्रेमळ चेहरा’ म्हणणाऱ्या त्या पाहुण्या बाईंना पाय आधी दिसला आणि त्या नुसत्याच “अगंबाई” म्हणाल्या. मग वाद सुरू झाला. एक म्हणे, ती दार लावतेय. दुसरा म्हणे, वाऱ्याने आपटू नये म्हणून पाय लावलाय. तिसऱ्याला वाटले, घरात कुणीतरी लपले आहे. वकिलाने कुणालाच चूक ठरवले नाही. ती फक्त प्रत्येकाला विचारी, कशावरून? आणि तो बिचारा पुन्हा चित्राकडे पाहू लागे.

एवढ्यात एका पाहुण्यांनी सहज विचारले, की हे खांब मुळात मागे कुणी नेले होते?

साहेब म्हणाले, “काय हो काका? कुणाला विचारून हलवलेत?”

काकांनी खांबावरचा हात काढून घेतला. सकाळी जे मनात आले होते तेच समोर उभे होते. वकील त्यांच्याकडे पाहत होती. इतके शनिवार ज्याने मानेवर नजर ठेवली, पॉलिशची थाप मारली, तो माणूस आता तिच्या हाती सापडला होता.

“हौस म्हणून कोण उचलेल हो एवढे जड खांब, दर शनिवारी?” ती म्हणाली.

कुणीतरी हसले, मग सगळेच हसले. साहेबांचे हसू सगळ्यात शेवटी आले.

पाहुणे गेल्यावर साहेब आणि ताई माझ्यासमोरच वाद घालत बसले. साहेबांचे म्हणणे असे, की मुलगी हुशार आहे, पण पाहुण्यांसमोर आपल्याला उघडे पाडते. उद्या रविवारी काय काय बोलेल, कोण सांगावे? ताई म्हणाल्या की ती तर चित्राबद्दलच बोलली. साहेब म्हणाले, तेच तर. मग कुणी विचारले नसताना खुर्चीवरून काका बोलले. “साहेब, शनिवारी माझी पाठ दुखते. खांब आता मी हलवणार नाही. आणि या चित्रासमोर माणसं एवढा वेळ थांबलेली मी कधी पाहिली नाहीत.”

साहेबांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू खुर्चीच बोलली. मग ते म्हणाले, “बरं. घेऊन पाहू. तात्पुरती.”

आत्याला हे खरे वाटले नाही. ती सोमवारी स्वतः येऊन ताईंकडून, काकांकडून आणि फाटकावरच्या माणसाकडून, अशी तीन ठिकाणांहून खात्री करून गेली.

पहिल्या रविवारी वकील गळ्यात ओळखपत्र घालून माझ्याशेजारी उभी राहिली. तिच्या कपड्यांची इस्त्री कुणी केली होती, हे सांगायला नको. सकाळभर तिचे छान चालले. दुपारी एक कुटुंब आले. बापाच्या हातांवर चुन्याचे डाग होते, आईच्या कडेवर तान्हे होते आणि पुढे धावत येणारी एक लहानगी होती. तिच्या हातात काहीतरी गोड खाऊ होता, आणि तो कोपरापर्यंत ओघळला होता. ती थेट चित्राकडेच निघाली.

वकिलाचा हात खांबावर आला.

मित्रांनो, मी दोर आहे. खांबावरचा हात कशासाठी आला आहे, हे मला कळते. बोटे आवळली गेली, खांब किंचित कलला आणि माझा पीळ ओढला गेला. मनात आले, झाले, आता हीसुद्धा. काकांनीही पाहिले असावे, कारण त्यांच्या खुर्चीची करकर थांबली.

किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. मग खांब पुन्हा सरळ झाला. ती मुलीच्या उंचीला खाली बसली, आपल्या रुमालाने तिचा हात पुसला आणि म्हणाली, “दोन्ही हात पाठीमागं बांध. बांधलेस? आता ये इथपर्यंत. त्या बाईचा पाय कुठं आहे ते मला सांग.”

लहानगीने हात मागे बांधले आणि माझ्यावर हनुवटी टेकली. तिचा गाल चिकट होता. माझ्या मखमलीवर तो डाग अजून आहे आणि काकांनी तो काढला नाही.

माझा संशय गेला असे मी म्हणणार नाही. जन्मभराचा पीळ एका दुपारी सुटत नाही, आणि चित्राला कुणी हात लावू नये हे मला आजही तितकेच वाटते. म्हणून तुम्ही कधी आलात तर माझ्यावर झोका घेऊ नका, मला ओढू नका. माझे आकडे आता सैल झाले आहेत. चित्रापासून हात दूर ठेवा. पण तुमच्या मागे कुणी उगाच लांब उभे असेल, तर थोडे सरकून त्याला पुढे घ्या. माझ्या पलीकडे कुणालाच जाता येत नाही, साहेबांनासुद्धा नाही. माझ्यापर्यंत मात्र सगळ्यांनी यावे.